उधारीवरचे उपचार

आज १ जुलै, डॉक्टर दिन. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म १८८२ साली याच तारखेला झाला आणि १९६२ साली याच तारखेला ते गेले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्रीपद चौदा वर्षे सांभाळतानाही त्यांनी रुग्ण तपासणे सोडले नाही. राज्यकर्ता आणि डॉक्टर या दोन भूमिका त्यांच्या ठायी सुखाने नांदल्या. पण कोलकात्यात त्यांनी देह ठेवला नेमक्या त्याच दिवशी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यांना कुलपे लावली. त्या दिवसापासून त्यांची फी सरकार देणार होते आणि ते त्यांना मान्य नव्हते. उद्या, २ जुलैला, आपल्याकडच्या एका योजनेचाही वर्धापन दिन आहे. २०१२ साली याच दिवशी महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि गरीब कुटुंबांच्या शस्त्रक्रियांचे पैसे सरकारी तिजोरीतून जाऊ लागले. आज डॉक्टरांविषयी पुष्कळ गोड बोलले जाईल, तेही योग्यच. आम्हांला मात्र पैशांविषयी बोलायचे आहे. सरकार डॉक्टरांना किती देते, केव्हा देते आणि तो आकडा कोण ठरवते, यावरच योजनेचे कार्ड घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे पुढे काय होणार हे ठरते.

सस्कॅचेवान हा गव्हाचा प्रांत. दुष्काळ आणि मंदी सोसलेला, सहकाराची सवय असलेला. आपल्या साखरपट्ट्यातल्या वाचकाला तो फार परका वाटू नये. तिथले प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) टॉमी डग्लस यांच्या सरकारने १९४७ सालीच रुग्णालयाच्या खर्चाचा विमा सर्वांना लागू केला होता. डॉक्टरांची स्वतःची फी त्यात नव्हती, त्यामुळे त्यांची फारशी तक्रारही नव्हती. फीसुद्धा विम्यात येणार म्हटल्यावर १९६० ची प्रांतिक निवडणूक याच मुद्द्यावर लढली गेली. डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांकडून वर्गणी काढून विरोधात प्रचार केला. डग्लस तरीही जिंकले. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा झाला, पण तोवर डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले होते आणि अंमलबजावणीचे ओझे त्यांच्या जागी आलेल्या वुड्रो लॉइड यांच्या खांद्यावर आले. १ जुलैला सुरू झालेला डॉक्टरांचा संप २३ दिवस चालला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणवले, लोकांनी ठिकठिकाणी एकत्र येऊन स्वतःचे दवाखाने उभे केले, आणि संपाच्या बाजूने राजधानी रेजायनात भरलेल्या मोर्चाला आयोजकांच्या अपेक्षेच्या तुलनेत फारच थोडी माणसे आली. अखेर लॉर्ड टेलर हे ब्रिटिश डॉक्टर मध्यस्थीला आले आणि २३ जुलैला सस्कटूनमध्ये करार झाला.

त्या करारात दोन्ही बाजूंनी काय दिले हे पाहण्यासारखे आहे. डॉक्टर सरकारचे पगारी नोकर होणार नाहीत, त्यांना कामागणिक फी मिळेल, ज्याला योजनेशी थेट व्यवहार नको असेल त्याला रुग्णाच्या हाती बिल देण्याची मुभा राहील, असे सरकारने मान्य केले. बदल्यात सर्वांसाठी सरकारी विमा हे तत्त्व डॉक्टरांनी स्वीकारले. पुढे हीच पद्धत साऱ्या कॅनडात गेली. आजही तिथे प्रत्येक प्रांताचे सरकार आणि तिथली वैद्यकीय संघटना फीच्या दरांवर समोरासमोर बसून घासाघीस करतात आणि करार करतात. रुग्णाकडून ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेण्याला आळा घालणारा देशव्यापी कायदा आला तो १९८४ साली. त्यावरून ऑन्टॅरिओतल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये जवळपास महिनाभर संप केला आणि तो फसला, कारण जनता सरकारच्या बाजूने होती.

या क्रमाकडे आमचे लक्ष आहे. आधी दर वाटाघाटीने ठरले, ते पैसे हातात पडतात हा विश्वास वीस वर्षांत रुजला, आणि मग वरकमाईवर बंदी आली. आपण नेमके उलटे केले. रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही ही अट पहिल्या दिवशीच लिहिली. दर मात्र आपल्या टेबलावर, आपल्या सोयीने ठरवले. आणि पैसे कधी मिळतील याची खात्री कुणीच दिली नाही.

तालुक्याच्या गावातले तीस-चाळीस खाटांचे एखादे अंगीकृत रुग्णालय डोळ्यांसमोर आणावे. रुग्ण येतो, योजनेचा प्रतिनिधी असलेला आरोग्यमित्र त्याचे रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहून नोंद करतो, प्री-ऑथ म्हणजे पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवला जातो, मंजुरी येते, शस्त्रक्रिया होते. पॅकेजच्या रकमेत खाट, नर्सिंग, सर्जनची आणि भूलतज्ज्ञाची फी, औषधे, तपासण्या, इम्प्लांट, जेवण, घरी परतण्याचे एसटीचे भाडे आणि नंतरचे दहा दिवसांचे फेरउपचार असे सगळे धरलेले असते. रुग्ण घरी जातो. मग कागद चालू लागतात. टाके घातल्याचा फोटो, क्ष-किरण, डिस्चार्ज कार्ड, सारे अपलोड करायचे. दावे तपासणाऱ्या टीपीए या त्रयस्थ कंपनीकडून क्वेरी येते. फोटो अस्पष्ट आहे, तारीख जुळत नाही, अमुक तपासणीचा अहवाल नाही. उत्तर द्यायचे, पुन्हा थांबायचे. मंजूर झालेल्या रकमेतून काही कापले जाते, उरलेल्यावर टीडीएस कापला जातो आणि बाकी कधीतरी खात्यात येते. दरम्यान औषधविक्रेत्याचे, इम्प्लांट पुरवणाऱ्याचे, ऑक्सिजनचे आणि परिचारिकांच्या पगाराचे पैसे त्या रुग्णालयाने केव्हाच दिलेले असतात. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचा नियम राज्यातल्या राज्यात १५ दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णासाठी ३० दिवसांत दावा चुकता करण्याचा आहे. नियम चांगलाच आहे. तो पाळला जातो का, याचे उत्तर संपांच्या बातम्यांत सापडते. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी आयुष्मानचे उपचार थांबवले. थकबाकी सुमारे ५०० कोटींची असल्याचे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तिथल्या शाखेचे म्हणणे होते. त्याच वर्षी तेलंगणात आरोग्यश्रीची आणि आंध्रात एनटीआर वैद्यसेवेची रुग्णालये याच कारणाने थांबली. ज्या आरोग्यश्रीवरून आपली राजीव गांधी जीवनदायी बेतली गेली, ती २००७ साली आंध्रात सुरू करणारे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी हे स्वतः डॉक्टर होते. तिथेही पैशाचा प्रश्न सुटला नाही.

मोठ्या साखळी रुग्णालयाला असा उशीर सोसतो. त्याच्याकडे रोखीचे रुग्ण असतात, बँकेची मर्यादा असते, क्वेरीला उत्तरे देणारा स्वतंत्र विभाग असतो, आणि परवडणारी पॅकेजे निवडून बाकीची टाळण्याची ताकदही असते. मरण होते ते पती-पत्नी मिळून चालवलेल्या, कर्ज काढून बांधलेल्या, निमशहरी गावातल्या रुग्णालयाचे. ते एक तर योजनेतून बाहेर पडते किंवा काउंटरवर हळू आवाजात सांगते की अमुक तपासणी योजनेत बसत नाही, चांगल्या प्रतीचे इम्प्लांट हवे असेल तर वरचे भरावे लागतील. नातेवाईक सोने गहाण ठेवतो. सरकारच्या तक्त्यात तो ‘लाभार्थी’ म्हणूनच नोंदला जातो. हे घेणे बेकायदा आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्याला पैसे वेळेवर आणि पुरेसे मिळतात त्यालाच सरकार कठोरपणे जाब विचारू शकते. थकबाकीदार सरकारला ती नैतिक ताकद उरत नाही. मग दोन्ही बाजू एकमेकांकडे काणाडोळा करतात आणि त्या न बोललेल्या समझोत्याची किंमत तिसराच भरतो.

सरकारे अशी का वागतात? घोषणेला मते असतात, दावा चुकता करण्याला नसतात. योजनेचे नाव बदलायला वेळ लागत नाही: १९९७ ची जीवनदायी, २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी, २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी, म्हणजेच आयुष्मान भारतशी, नंतर तिची घातलेली सांगड. व्याप्तीही वाढत गेली. मे २०२० मध्ये करोनाच्या धामधुमीत राज्यातल्या सर्व रहिवाशांना फुले योजना खुली झाली. २०२३ मध्ये ते कायम करण्याचा आणि कुटुंबामागचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मानमध्ये घेतले. या प्रत्येक निर्णयाचे आम्ही स्वागतच करू. आजारपणाने घरे धुळीला मिळतात हे महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्याला कुणी सांगायला नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डधारक शेतकऱ्यांना या योजनेत घेतले गेले ते त्यामुळेच. पण कवच तिपटीहून अधिक झाले तेव्हा त्यासाठीची तरतूद कुठल्या हिशेबाने आणि किती वाढवली, दावे तपासणारी माणसे किती वाढली, हे ना सत्ताधाऱ्यांनी सांगितले ना विरोधकांनी विचारले. मुळात देशातले सरकारी आरोग्य खर्चाचे प्रमाण २०२१-२२ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के कबूल केले होते. एवढ्या अरुंद पांघरुणात जास्त माणसे घ्यायची तर कुणाचे तरी पाय उघडे पडणारच.

दरांची कहाणीही अशीच. आयुष्मान योजना आली तेव्हा सिझेरियनच्या पॅकेजचा दर ९,००० रुपये होता. एवढ्यात भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्ताची सोय, तीन-चार दिवसांची खाट कशी बसवायची, हा डॉक्टरांचा सवाल रास्त होता. नंतर केंद्राने चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने प्रत्यक्ष रुग्णालयांत जाऊन उपचारांचा खर्च मोजण्याचा अभ्यास करवला आणि त्या आधारावर दर सुधारत नेले. सरकारने दर ठरवताना खर्च मोजावा ही साधी गोष्ट, पण आपल्याकडे ती क्रांतिकारकच म्हणायची. कारण केंद्र सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस योजनेचे बहुतांश दर २०१४ पासून जवळपास जागच्या जागी होते. त्यांची मोठी फेररचना झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्या अकरा वर्षांत परिचारिकेचा पगार, विजेचे बिल आणि टाक्यांच्या धाग्याची किंमत थांबून राहिली नव्हती.

मात्र दर वाढवला की सगळे सुरळीत होईल, असे सांगणारे डॉक्टर नेतेही अर्धेच सांगतात. पैसे कशाचे द्यायचे, यावर उपचार कसे होतील हे अवलंबून असते. आयुष्मानच्या आधी २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे स्मार्ट कार्ड. शस्त्रक्रियेगणिक पैसे मिळत असल्याने बिहार आणि छत्तीसगडमधल्या काही खासगी रुग्णालयांनी तरण्या बायकांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या. २०१२ च्या सुमारास तो प्रकार उघड झाला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांना साध्या औषधांनी बरे वाटले असते अशा त्या बायका कायमच्या अधू झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत एका खासगी रुग्णालयाने खेड्यात मोफत शिबिर भरवून माणसे अहमदाबादला नेली, अँजिओप्लास्टी केल्या आणि त्यांतले दोघे दगावले. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने दाखवून दिले की साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी, दहा वेळा नऊ या आकड्याशी, जोडलेले होते आणि आधी मृत दाखवलेल्यांवरही पुन्हा उपचार झाल्याच्या नोंदी होत्या. यांतल्या अनावश्यक शस्त्रक्रिया करणारे हात वैद्यकीय व्यवसायातलेच होते. त्यांच्यावर वैद्यकीय परिषदांनी किती कठोर कारवाई केली, हे डॉक्टर संघटनांनी आजच्या दिवशी स्वतःला विचारावे. प्रामाणिक डॉक्टरच्या दाव्यावर संशयाने क्वेरी निघते ती या लोकांमुळे.

डॉक्टरांना पैसे देण्याच्या दुसऱ्या एका रीतीचा अनुभव मुंबईला होता आणि तो आपण फार लवकर विसरलो. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत गिरणगावातल्या वस्त्यांमधले खासगी डॉक्टर ‘पॅनेल’वर घेतले जात. ही रीत ब्रिटनच्या १९११ च्या विमा कायद्यातली. डॉक्टरकडे जितके कामगार नोंदलेले, तितक्या माणशी ठरलेली वार्षिक रक्कम त्याला मिळे, मग कामगार वर्षातून एकदा येवो की दहादा. त्या पद्धतीतही दोष होते. पॅनेलच्या रुग्णाला घाईघाईने वाटेला लावण्याच्या तक्रारी असत, आणि रक्कम वाढवण्यासाठी तिथल्या डॉक्टरांनाही भांडावे लागे. पण त्यात एक शहाणपण होते. माणूस रुग्णालयात पोहोचण्याआधी कुणीतरी ओळखीचा डॉक्टर त्याचा रक्तदाब पाहत होता आणि त्याचे पैसे सरकारी योजनेतून येत होते. आजची फुले योजना आणि आयुष्मान या दोन्ही मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णापुरत्या आहेत. मधुमेहाची गोळी, दम्याचा पंप, महिन्याची तपासणी यांचा खर्च घरचाच. २०२१-२२ च्या हिशेबानुसार देशातल्या आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला, आणि त्यातला मोठा वाटा या बाह्यरुग्ण औषधपाण्याचा असतो. पाय कापण्याचे पॅकेज आहे आणि पाय कापावा लागू नये म्हणून झिजणाऱ्या गावातल्या डॉक्टरला देण्यासाठी काही नाही, ही रचना डॉक्टरांनी केलेली नाही. ती राज्यकर्त्यांची निवड आहे. पाच लाखांच्या कवचाचा फलक लावता येतो. रक्तदाबाच्या गोळीचा फलक कुणी लावत नाही.

आमचा आग्रह असा की पॅकेजचे दर राज्य आरोग्य हमी सोसायटी आणि विमा कंपनी यांच्या बंद दालनात ठरू नयेत. त्यासाठी कायद्याने नेमलेले मंडळ असावे, त्याने खर्च मोजून दर सुचवावेत, दर दोन वर्षांनी ते तपासावेत, आणि सुचवलेला दर नाकारायचा असेल तर सरकारने विधिमंडळात कारण द्यावे. केवळ सूत्र लिहून भागत नाही, हे अमेरिकेने दाखवले आहे. तिथे वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात डॉक्टरांची फी आपोआप आवरणारे सूत्र १९९७ साली कायद्यात घातले. फी कापायची वेळ आली की डॉक्टर संघटना धाव घेत आणि संसद ती कपात पुढे ढकलत असे. असे सतरा वेळा झाल्यावर २०१५ मध्ये ते सूत्रच रद्द केले. म्हणून राजकारण टाळण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. ते उजेडात व्हावे एवढेच मागता येते. डॉक्टरांनीही आपल्या बाजूचे द्यायला हवे. दर परवडत नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या रुग्णालयाचा खर्च त्या मंडळापुढे मोकळेपणाने मांडावा. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही, जुन्या शुश्रूषागृह कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा करून दरपत्रक लावणे आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी ठेवणे बंधनकारक केले आहे. तेवढेही अनेक ठिकाणी होत नाही. दरांत पारदर्शकता मागणाऱ्या संघटनेने आपल्या भिंतीवर दर लावायला कचरू नये. करोनाकाळात, मे २०२०च्या आदेशाने, राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते: साध्या कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. त्यावर वाद खूप झाले, उल्लंघनेही झाली. पण सर्वसामान्य माणसाला हातात धरून भांडता येईल असा आकडा पहिल्यांदाच मिळाला होता.

आणि त्या मंडळात रुग्णाची बाजू मांडणारी माणसे असली पाहिजेत. सस्कटूनच्या करारात सरकार होते, डॉक्टर होते, मध्यस्थही होता. स्वतःचे दवाखाने काढून ज्यांनी ते २३ दिवस निभावले, त्यांना त्या वाटाघाटीत जागा नव्हती, आणि त्या सामुदायिक दवाखान्यांना पुढे बरीच वर्षे दुय्यम वागणूक मिळाली. आपल्याकडे जन आरोग्य अभियानासारख्या चळवळी रुग्णहक्कांसाठी वर्षानुवर्षे झटत आहेत. त्यांना निवेदन देण्यापुरते बोलावण्याऐवजी दर ठरवताना मत द्यायला बसवावे.

मंडळ व्हायला वेळ लागेल, कायद्याला त्याहून. एक काम मात्र लगेच होण्यासारखे आहे. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील तेव्हा सर्व पक्षांच्या आमदारांनी आरोग्यमंत्र्यांकडून एक तक्ता मागावा: ३० जूनअखेर फुले आणि आयुष्मान योजनेतले किती दावे १५ दिवसांहून अधिक काळ थकले आहेत, त्यांची रक्कम किती, कुठल्या जिल्ह्यातल्या किती खाटांच्या रुग्णालयांची ती आहे, गेल्या वर्षभरात किती रुग्णालये योजनेतून बाहेर पडली, आणि रुग्णांकडून पैसे घेतल्याच्या तक्रारींपैकी किती प्रकरणांत ते पैसे परत मिळाले. हा तक्ता दर महिन्याला सोसायटीच्या संकेतस्थळावर लागावा, म्हणजे थकबाकीसाठी डॉक्टरांना संप करावा लागणार नाही आणि वरचे पैसे घेणाऱ्याला थकबाकीची सबब सांगता येणार नाही.